बेडकांवरची काच

पहिला बेडूक आंधळा झाला तो बुधवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला.

झलेहा त्याच्या समोरच स्टुलावर बसली होती. चाक आपल्या संथ गतीनं फिरत होतं. चाक म्हणजे एका मोडक्या मायक्रोवेव्हमधली तबकडी फिरवणारी मोटर. त्या मोटरीला तिच्या वडिलांनी, अबाहंनी, सायकलचे आरे जोडले होते आणि प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एकेक चिमटा. ओला थर एका बाजूला ओघळू नये म्हणून बेडूक या चिमट्यांत पकडून तासन्‌तास फिरवत ठेवायचे. तासाभरापूर्वी तिनं या बेडकावर इपॉक्सीचा हात फिरवला, तेव्हा त्याची हिरवी पाठ, पिवळं पोट, हनुवटीखालचा लाल ठिपका, सगळं एकदम ताजं, नुकतंच पाण्यातून वर आल्यासारखं दिसलं होतं. आता त्यावर दुधावर धरते तशी साय धरली होती. बेडूक फिरून समोर यायचा, तिच्याकडे पांढऱ्या डोळ्यांनी बघायचा आणि पुन्हा पलीकडे जायचा.

‘‘असं नको रे करूस,’’ झलेहा त्याला म्हणाली. पण त्यानं तसंच केलं.

असे एकूण सहा होते. अंगठ्याएवढे, सातविणीच्या लाकडाचे, मागे पत्र्याची पाती लावलेले. अबाह, म्हणजे गावाचे नयान, तीस वर्षं हेच करत आले होते. तळ्यातल्या मरळीला आणि तिच्या दांडग्या भावाला, तोमानला, फसवायला लाकडाचे बेडूक. तळ्याच्या काठानं कुठेही जा, गळ टाकणाऱ्या माणसाच्या डबीत नयानचा एखादा बेडूक निघायचाच. रंगावर शेवटी दोन बाटल्यांतलं रसायन मिसळून जो पारदर्शक थर चढतो त्याला दुकानदार इपॉक्सी म्हणत, अबाह ‘काच’ म्हणत. ‘‘रंग माशाला फसवतो आणि काच माशाच्या दातांना,’’ असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या आठवड्यात, इस्पितळाच्या खाटेवर उशी पाठीशी घेऊन बसले असताना, ते झलेहाला म्हणाले होते, ‘‘ते सहा जण रंगवून ठेवलेत. सिदेकला, हेंगला, बाकीच्या चौघांना. फक्त काच चढवायची राहिलीय.’’

‘‘मी चढवीन,’’ ती म्हणाली होती.

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं होतं. चाळीस वर्षांची फार्मसिस्ट मुलगी, लहानपणी सगळा वेळ पुस्तकात तोंड खुपसून बसणारी. ‘‘चढव,’’ ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला. चौथ्या दिवशी ते गेले.

आता शंभराव्या दिवसाच्या कंदुरीला अकरा दिवस उरले होते. रविवारी मौलवी येणार, दुआ होणार, गाव जेवणार आणि अबाहंच्या त्या सहा मित्रांच्या हातात सहा बेडूक पडणार, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. इपोह शहरातल्या इस्पितळाच्या नोकरीतून दोन आठवड्यांची रजा काढून ती त्यासाठीच आली होती. आईला, माकला, तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. अबाह गेल्या दिवसापासून माकनं त्यांच्या पडवीत पाऊल टाकलेलं तिनं पाहिलं नव्हतं. अर्धवट राहिलेलं काम आईच्या डोळ्यांपुढे आणायचं तिच्या जिवावर आलं होतं. ‘‘पडवी आवरते जरा,’’ एवढंच ती म्हणाली. आणि माक दुपारची झोप काढून स्वयंपाकघरात गुंतली, की ही हळूच पडवीत शिरायची.

एक बेडूक गेला होता. काच एकदा धरली की ती उतरवायला घासावं लागतं, आणि घासायला गेलं की खालचा रंगही जातो. तो रंग लावणारा हात आता कुठून आणायचा? उरलेल्या पाचांना ती आता बोट लावणार नव्हती, दोष सापडल्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी पांढरा बेडूक रुमालात गुंडाळून ती गावातल्या गळाच्या दुकानात गेली. दुकानाचे मालक ताउके हेंग चष्मा कपाळावर चढवून बसले होते आणि त्यांच्यासमोर, दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर, पाक उदा सिदेक पाय पसरून. पाक उदा म्हणजे शेजारचे काका. अबाहंची होडी अर्धी त्यांची होती आणि त्यांचं तोंड अख्खं गावाचं.

हेंगनी रुमाल उघडला आणि बेडूक बोटांत उलटसुलट केला.

‘‘हे काय आहे?’’ पाक उदांनी मान लांब केली. ‘‘उकडलेलं अंडं?’’

‘‘अबाहंचा बेडूक आहे, पाक उदा.’’

‘‘अगं, माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला. मी विचार करत होतो डॉक्टरनं तो ठेवला कुठे. ह्याला बसवला की!’’

‘‘तू गप रे जरा,’’ हेंग म्हणाले. ‘‘लेहा, माप कसं घेतलंस?’’

‘‘वजन करून. इस्पितळातला काटा आणलाय मी, ग्रॅमचा हजारावा भाग दाखवतो. दोन्ही बाटल्यांतलं अगदी सारखं वजन.’’

हेंगनी डोळे मिटले. दात दुखल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. ‘‘बाटलीवर काय लिहिलंय? सारखं माप. वजन नव्हे, माप. पहिल्या बाटलीतलं जड असतं, दुसरीतलं हलकं. सारखं वजन घेतलंस म्हणजे दुसरीतलं जास्त पडलं.’’

झलेहाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षं ती लोकांना औषधं मोजून देत होती.

‘‘हिच्याकडून औषध घेताना जपायला हवं,’’ पाक उदा छताला म्हणाले.

‘‘अबाह कशानं मोजायचे?’’

‘‘खोकल्याच्या औषधाच्या टोपीनं. तूच आणून दिल्या होत्यास ना? सगळ्यांना दाखवत फिरत होता. म्हणे, माझी मुलगी सरकारी मापं पाठवते.’’

ते तिला आठवत होतं. टाकून द्यायच्या टोप्यांची पिशवी तिनं एका ईदेला आणून दिली होती, आणि अबाहंनी ‘बरं’ एवढंच म्हटलं होतं. तिनं रुमाल घडी केला, मग उलगडला, मग पुन्हा घडी केला.

‘‘वजनाची चूक असेल तर काच चिकट राहते,’’ हेंग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांनी बेडकावरून नख फिरवलं. ‘‘ही चिकट आहे थोडी. पण पांढरी का झाली? नवी बाटली घेऊन जा. आणि आधी बेडकावर नको, कशावर तरी करून बघ.’’

‘‘माझ्या टकलावर करून बघ,’’ पाक उदा म्हणाले. ‘‘नयान माझ्या टकलावर फार जळायचा. स्वतःचं बघायला पडवीत आरसा टांगला होता मेल्यानं, आठवतं ना? आढ्याला! शिडी लावल्याशिवाय तोंड दिसायचं नाही.’’

‘‘मग बघायचे कसे?’’

‘‘तेच तर! देवाला दाखवायचा बहुतेक.’’ पाक उदा खो खो हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते जरा जास्तच वेळ.

शनिवारी तिनं आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या, त्यांना हिरवा रंग दिला, तो दोन दिवस वाळवला. सोमवारी नव्या बाटल्या, टोपीचं माप. तीन वाजून गेल्यावर, माकच्या भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर, तिनं काच चढवली. काड्या चिकट राहिल्या नाहीत. पांढऱ्या मात्र झाल्या.

मग तिनं रंगावर संशय घेतला. रंग आतून ओला राहिला असेल, त्याचं पाणी वर येत असेल. मंगळवारी तिनं बिनरंगाची काडी घेतली. तीही पांढरी. लाकडावरही संशय होता, म्हणून तिनं सोबतच लोणच्याच्या बरणीचं काचेचं झाकण घेतलं होतं. काचेवर काच. त्या झाकणावर साडेचारला असं धुकं उतरलं की पलीकडचं बोट दिसेना.

आपण फार जोरात ढवळतो, बुडबुडे जात असतील, म्हणून तिनं भिंगातून पाहिलं. बुडबुडे नव्हते. मग पाऊस, हवेतली ओल? पाऊस तर आठवडाभर नव्हता; तळ्याचं पाणी काठावरून दोन हात मागे गेलं होतं आणि पाक उदांची होडी चिखलात बसली होती. बाजूच्या पडवीत वाळत टाकलेली सुपारी कडकडीत झाली होती. अशा हवेत पापड वाळावेत आणि इपॉक्सी मात्र घामेजावी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तिनं एका वहीत सगळं लिहून काढलं होतं. दिवस, वेळ, माप, किती मिनिटं ढवळलं. वही अगदी व्यवस्थित होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

‘‘लेहा, आलीस का गं? खाऊन घे, गरम आहेत!’’ रोज पाचच्या सुमाराला भिंतीपलीकडून माकची हाक यायची. आणि हात पुसून झलेहा जायची. ती आल्यापासून माकनं धडाकाच लावला होता. आज लेपात, उद्या तांदळाचे वाफवलेले आपम, परवा पुन्हा लेपात. पिकलं केळं कुस्करायचं, त्यात ओलं खोबरं आणि पीठ, केळीच्या पानात वळकटी करून वाफवायची. झलेहा लहानपणी एका बैठकीला नऊ खायची.

‘‘माक, मी चाळीस वर्षांची आहे. माझी साखर तपासायला लागेल.’’

‘‘तपास ना. औषधं तुझ्याच इस्पितळात आहेत.’’

अशा वेळी माकच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मोडायला नको म्हणून झलेहा चौथं लेपात उचलायची.

बुधवारी, म्हणजे पहिला बेडूक गेला त्याच्या बरोबर आठवड्यानं, तिनं तीन काड्यांवर काच चढवली. एकच मिश्रण, एकच कुंचला. दोन काड्या चाकाला लावल्या, तिसरी लावतेय तोच भिंतीपलीकडून हाक आली.

‘‘लेहा! खोबरं कमी पडतंय गं. दुकानातून एक नारळ आणतेस? वाफ धरायच्या आत ये.’’

तिसरी काडी हातातच होती. चिमट्यात लावायचीही सवड न घेता तिनं ती एका चिकणमातीच्या गोळ्यात उभी खोचली, गोळा मोटारीत पुढच्या काचेखाली ठेवला आणि गाडी काढली. जाताना रस्त्यात एकीकडे नजर काडीवर ठेवता येईल, एवढाच हिशेब. नारळाच्या दुकानात पाक उदांची बायको भेटली. तिनं आधी झलेहाची तब्येत विचारली, मग पगार, मग इपोहमध्ये कुणी विधुर डॉक्टर असतात का ते. त्यात अर्धा तास गेला. गाडी उन्हात, काचा बंद. परत येऊन दार उघडलं तर आत भट्टी झाली होती. घाम पुसत ती घरी आली, नारळ आईच्या हातात दिला आणि मातीचा गोळा घेऊन पडवीत गेली.

तिथे ती थबकली. चाकावरच्या दोन काड्या नेहमीसारख्या पांढुरक्या होऊ लागल्या होत्या. हातातली काडी लख्ख होती. हिरवा रंग स्वच्छ पाण्याच्या तळाशी दगड दिसावा तसा दिसत होता.

बाटली तीच, माप तेच, हात तोच. मग फरक कशाचा? हवेचा. मोटारीतल्या हवेचा आणि या पडवीतल्या हवेचा.

तिनं वर बघितलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. आढ्याच्या वाश्याला अबाहंचा तो आरसा होता, हातभर लांबीचा, खाली कललेला. शिडीशिवाय त्यात तोंड दिसत नसेल. पण स्टुलावर बसलेल्या माणसाला आरसा मात्र नीट दिसत होता. त्यात काहीही दिसत नव्हतं, कारण तो वाफेनं आंधळा झाला होता. त्याच्या कडेवरून एक थेंब घरंगळत खाली येत होता.

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यातली फळ्यांची भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती. वर वीतभर फट होती. आणि त्या फटीतून, उतरत्या पत्र्याच्या पोटाला चिकटून, पांढरी वाफ निवांतपणे इकडे येत होती, शेजारीण गप्पा मारायला यावी तशी.

झलेहा वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारात गेली. माक मोदकपात्रासारख्या मोठ्या भांड्याचं झाकण उचलून आत डोकावत होती. वाफेनं तिचा चष्मा पांढरा झाला होता.

‘‘आलीस? पहिला घाणा दोनच मिनिटांत होईल. आज पानं कोवळी मिळालीत बघ.’’

‘‘छान वास येतोय, माक,’’ झलेहा म्हणाली. तिनं त्या दिवशी पाच लेपात खाल्ली आणि कशाबद्दलच काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी चालताना तिला अबाहंचा गुरुवार आठवला. दर गुरुवारी दुपारचं जेवण झालं की ते हात धुऊन यायचे, माकसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, ‘‘उद्या काय?’’ उद्याच्या जेवणाची एवढी चौकशी करणारा पुरुष पंचक्रोशीत दुसरा नव्हता. झलेहा आणि तिचा धाकटा भाऊ पाठीमागे उभे राहून त्यांची नक्कल करायचे. पाक उदा त्यांना ‘उद्या-काय’ अशीच हाक मारायचे. माक कधी म्हणायची, तळलेला मासा, सांबालची चटणी, कच्ची पानं. मग अबाह हात चोळत पडवीत जायचे. माक कधी म्हणायची, आपम. तर अबाह म्हणायचे, ‘‘वा, वा!’’ आणि शुक्रवारची नमाज झाली की गळ घेऊन तळ्यावर निघून जायचे. काच चढवायचा त्यांचा वार शुक्रवार, पण आपमच्या शुक्रवारी चाक कधी फिरलं नव्हतं. हे झलेहाच्या आज ध्यानात आलं, आणि ती काठावरच्या एका ओंडक्यावर बसली.

तीस वर्षांत ते एकदाही म्हणाले नव्हते, ‘उद्या वाफवू नकोस.’ त्यांनी फक्त विचारलं होतं.

आता हे माकला कसं सांगायचं? तुझ्या लेपातनं अबाहंचा बेडूक खाल्ला, असं? आणि ते जे दर गुरुवारी इतक्या प्रेमानं विचारायचे, ते जेवणासाठी नव्हे तर इपॉक्सीसाठी, असं? शंभर दिवसही झाले नव्हते. ती उठली, कपडे झटकले आणि ठरवलं, की सांगायचं नाहीच. अबाह करायचे तेच करायचं.

गुरुवारी दुपारी ताटं उचलून झाल्यावर ती हात धुऊन आली आणि माकसमोर उभी राहिली.

‘‘माक, उद्या काय?’’

माक मिरच्यांची देठं काढत होती. तिचे हात थांबले. तिनं चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

‘‘किती बेडूक आहेत?’’ तिनं विचारलं.

झलेहानं ओले हात झग्याला पुसले. ‘‘पाच,’’ ती म्हणाली. ‘‘सहा होते. तुला... तुला माहीत होतं?’’

‘‘काय?’’

‘‘अबाह का विचारायचे ते.’’

‘‘पहिल्याच वर्षी कळलं. आढ्याला आरसा कुणी टांगतं का? तिकडे आरसा धुरकटला की इकडे माणूस उसासे टाकणार. मी काय बहिरी होते?’’

‘‘मग त्यांना सांगितलं नाहीस, की मला कळलंय म्हणून?’’

‘‘सांगितलं असतं तर विचारायचे बंद झाले असते.’’ माकनं एक देठ मोडलं. ‘‘असे समोर येऊन उभे राहायचे. शाळेतल्या पोरासारखे. कुठल्या बाईचा नवरा असं विचारतो? सिदेकच्या बायकोला विचार, पंचेचाळीस वर्षांत काय वाढलंय ते त्यानं ताटात तरी बघितलंय का.’’

झलेहा खाली बसली.

‘‘आणि कधी कधी,’’ माक म्हणाली, ‘‘मी मुद्दाम आपम सांगायचे. फार काम करायचे एकेका आठवड्याला, डोळे लाल व्हायचे. आपम म्हटलं की गुपचूप गळ उचलून तळ्यावर. तेवढीच सुट्टी.’’

‘‘त्यांना वाटायचं तुला ठाऊक नाही.’’

‘‘वाटू दे की.’’

दोघीही हसायला लागल्या. माक तर इतकी हसली की मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि झलेहाला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं.

डोळे धुऊन झाल्यावर झलेहानं विचारलं, ‘‘पण माक, रोज पडवीतून वास येत असेल ना तुला? इपॉक्सीचा?’’

‘‘यायचा.’’

‘‘मग तुला कळलं नाही, मी काच चढवतेय ते?’’

माकनं पदरानं चेहरा टिपला. ‘‘मला वाटलं, तू बाटल्या उघडून हुंगतेस,’’ ती म्हणाली. ‘‘मीही हुंगते कधी कधी. तू नसतेस तेव्हा.’’

झलेहानं मिरच्यांची परडी पुढे ओढली आणि उरलेली देठं काढायला घेतली. दोघींनी मिळून ती सगळी संपवली.

शुक्रवारी माकनं चूल पेटवलीच नाही. सकाळीच भात करून ठेवला, मासे तळले, आणि दोन वाजता ती पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्यावर थोडी थांबली. मग आत आली आणि पहिली गोष्ट म्हणजे अबाहंच्या स्टुलावरून एकदा हात फिरवून त्यावर बसली.

‘‘बाटल्या उन्हात ठेवल्यास का?’’

‘‘का?’’

‘‘मला काय माहीत का. ते ठेवायचे. अर्धा तास.’’

झलेहानं बाटल्या उन्हात ठेवल्या. आतलं घट्ट मधासारखं होतं ते पातळ झालं. दोन टोप्या, सारख्या भरून. ती ढवळायला लागली.

‘‘अगं, अंडं फेटतेस का? हळू. दोदोलचा हलवा ढवळतोय असं समज. आईच्या हाताखाली कधी ढवळलं नाहीस म्हणून ही वेळ.’’

‘‘मी पुस्तकं वाचत होते.’’

‘‘हो. त्यात हे नव्हतं वाटतं.’’

झलेहानं पहिला बेडूक उचलला. कुंचला टेकण्याआधी दोघींनीही वर पाहिलं. आरशात उतरता पत्रा, पत्र्यातल्या भोकातून आलेलं ऊन आणि उन्हात तरंगणारी धूळ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

पाठ, मग पोट, मग पायांच्या बेचक्या. हनुवटीखालच्या लाल ठिपक्यावर तिनं कुंचल्याचं फक्त टोक नेलं. बेडूक चिमट्यात गेला. दुसरा. तिसरा. बारीक बुडबुडे आले तिथे माकनं सांगितलं तशी लायटरची ज्योत झर्रकन फिरवली आणि बुडबुडे फुटून गेले. पाचवा चाकावर चढला तेव्हा झलेहाचा झगा पाठीला चिकटला होता. साडेतीन झाले. चार. साडेचारला झलेहानं घड्याळाकडे बघायचं टाळलं, आणि माक म्हणाली, ‘‘झाले बघ साडेचार.’’

बेडूक एकामागून एक समोर येत होते आणि पाचही जण टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होते.

रविवारी कंदुरीला अख्खं गाव जेवून गेलं. दुआ झाली, पंगती उठल्या, मुलांनी पाट गोळा केले. मागे सहा म्हातारे उरले, चहाचे पेले घेऊन, पायऱ्यांवर. माकनं केळीच्या पानाच्या तुकड्यावर पाच बेडूक मांडलेली एक थाळी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

हेंगनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक बेडूक उचलला, उजेडाकडे धरला, नखानं टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

‘‘नयानची काच,’’ ते म्हणाले.

झलेहानं दाराच्या चौकटीला टेकून श्वास सोडला. थाळीतून चार बेडूक उठले, मग पाचवा उठणार तेवढ्यात पाक उदा म्हणाले, ‘‘थांबा. तो सहावा कुठाय? माझ्या मोतीबिंदूवाला?’’

‘‘तो बिघडला, पाक उदा. तुम्ही हा घ्या. सहाव्यासाठी मी—’’

‘‘घ्या म्हणे! सहा जणांत पाच बेडूक, मग कुणाला उपाशी ठेवणार आहेस? आण तो इकडे. आम्ही दोघं एका डॉक्टरचे पेशंट.’’

ती आत जाऊन रुमाल घेऊन आली. पाक उदांनी पांढरा बेडूक तळहातावर घेतला आणि वास घेतला.

‘‘घे रे सिदेक, तोच घे,’’ माक म्हणाली. ‘‘त्याला माझ्या लेपातची वाफ लागलीय. तोमान वासावर येईल.’’

‘‘बघा! तुमच्या पाचांत आहे का असला मसाला?’’ पाक उदांनी सगळ्यांना तो फिरवून दाखवला. मग खिशात घालताना त्यांनी अंगठा एकदा बेडकाच्या हनुवटीखाली नेला, जिथे साईखालून लाल ठिपका अस्पष्ट दिसत होता, आणि लगेच म्हणाले, ‘‘चहा थंड केलात माझा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात गलका झाला. सहाही जण तळ्यावरून परस्पर इथेच आले होते. हेंगच्या हातात दोरीला एक मरळ लटकत होती. फार मोठी नव्हती. पण पाक उदा तिच्याबद्दल जे बोलत होते त्यावरून ती तळ्यात मावली कशी असं वाटावं.

‘‘मासा माझा!’’ ते ओरडत होते. ‘‘माझ्या बेडकाच्या वासानं आला होता! वाटेत ह्याचा बेडूक आडवा आला, म्हणून चुकून तो धरला बिचाऱ्यानं. लेहा, तू शिकलेली आहेस, तूच न्याय कर.’’

‘‘दोन तास ह्याच्या बेडकाकडे एक चिलटही फिरकलं नाही,’’ हेंग शांतपणे म्हणाले आणि आपला बेडूक झलेहाच्या हातात ठेवला.

पाठीवर मरळीच्या दातांचे चार ओरखडे होते. झलेहानं त्यावरून अंगठा फिरवला. ओरखडे काचेतच थांबले होते. खालचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. तिनं तो उन्हात धरून एकदा फिरवला, मग परत दिला.

‘‘आता ही मासोळी जेवायला ठेवून जा,’’ माक पायरीवरून म्हणाली, ‘‘आणि भांडण घेऊन घरी जा.’’ म्हातारे गेले. पाक उदांचा आवाज कुंपणापलीकडे बराच वेळ ऐकू येत राहिला.

झलेहाची रजा आणखी दोन दिवस होती. माकनं मासा घमेल्यात टाकला, चाकू शोधला, आणि मागे वळून न बघताच विचारलं, ‘‘हा आजचा. उद्या काय?’’

झलेहानं पडवीकडे नजर टाकली. चाक बंद होतं, चिमटे रिकामे होते.

‘‘लेपात,’’ ती म्हणाली. ‘‘भरपूर कर.’’